उजनीचा आकडा वर्गात आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या अंकात उजनी धरणातल्या पाणीसाठ्याची टक्केवारी येऊ लागते आणि सोलापुरात लहानथोर सगळे ती वाचतात. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. संध्याकाळी विडी घरकुलातल्या पाचवी-सहावीच्या मुलांचं गणित घेते. शून्याखालच्या संख्या शिकवायला या आकड्यासारखं साधन नाही. एरवी उदाहरण ठरलेलं असतं, बर्फाळ गावाच्या तापमानाचं. मे महिन्यात चाळिशीपार ऊन सोसणाऱ्या पोराला उणे सहा अंशाचं काय कौतुक? उजनी मायनसमध्ये गेली की नळाची पाळी लांबते, हे त्याला घरीच कळलेलं असतं.

तरी घोटाळे होतातच. पाणी उणे १२ टक्क्यांवरून उणे ५ वर आलं, तर वाढलं की घटलं? निम्मा वर्ग ‘घटलं’ म्हणतो. म्हणून मी संख्यारेषा भिंतीवर उभी काढते, मधे शून्य ठेवून. २०२४ मध्ये उजनी उणे ६० च्या आसपास गेली आणि त्याच पावसाळ्यात शंभरीपार भरली. फरक किती? मुलं पटकन ४० सांगतात. रेषेवर बोट खालून वर नेलं की १६० येतात.

खरी गंमत संख्या जवळच्या दहात बदलण्याची. ‘एककस्थानी पाच किंवा जास्त असेल तर वरचा दहा’ हे सगळ्यांना पाठ. त्या हिशेबाने उणे ३७ चे उणे ३० होतात, कारण रेषेवर तेच वर आहे! घरं मोजायला लावली की उणे ४० तीनच घरं लांब निघतं आणि उणे ३० सात. उणे ३५ मी विचारत नाही. ऐन मधली संख्या कुठे न्यायची याचे संकेतच वेगवेगळे आहेत, त्यावर लेकरांचे गुण कशाला कापायचे?

मोठी माणसंही एका ठिकाणी चुकतात. उणे म्हणजे धरण कोरडं, असं नाही. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची, म्हणजे ५३.५७ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). शून्य टक्के असतानाही खाली सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा असतो. माझी मुलं आधी ५४ आणि ६४ करून घेतात. उणे ५० टक्के म्हणजे ५४ चे निम्मे २७ गेले, ६४ मधून उरले ३७. दशांश धरून केलं तर ३६.८७५ येतं. अंदाज कशासाठी करायचा, हे तिथे फळ्यावरच दिसतं.

म्हणून एक मागणी. बातमीत कधी नुसती टक्केवारी असते, कधी नुसते टीएमसी. त्याऐवजी रोज एक छोटी चौकट द्यावी: कालची व आजची टक्केवारी, चिन्हासह आणि दशांशासह, आणि धरणातला एकूण साठा टीएमसीमध्ये. जमल्यास दौंडचा विसर्गही, म्हणजे तिथून भीमेतून धरणाकडे येणारं पाणी, कारण पाऊस पुण्याकडे पडतो आणि आकडा आमचा हलतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हापासून सुरू केली तरी चालेल. कापून भिंतीवर लावायचं काम मुलं करतील.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर