घूस दातांनी नाही, हातांनी खणते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. कालच्या पुरवणीतला घुशींवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. घूस दातांनी भिंत पोखरते असं ठोकून दिलंय आणि सोबत फोटो छापलाय मोलचा, म्हणजे जमिनीखाली राहून किडे-गांडुळं खाणाऱ्या प्राण्याचा! मोल हा उंदीर-घुशींच्या कुळातला प्राणीच नाही आणि महाराष्ट्रात सापडतही नाही. संध्याकाळी मंडईमागे कुणालाही घूस दिसते, तिचा एक फोटो मिळू नये?

घुशीचे दात जबरदस्त असतात हे मान्य, वायर कुरतडायला, कडक ढेकूळ फोडायला ते लागतातच, पण माती उकरायचं मुख्य काम पुढच्या पायांचं आणि सुटलेली माती मागे ढकलायचं मागच्या पायांचं. मी बरीच वर्षं प्राणीशास्त्र शिकवलंय, मुलांच्या हातात हाडं देऊनच शिकवायचे. खणणाऱ्या उंदरांचं अल्ना हे कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड बघा, कोपराच्या मागे त्याचं टोक चांगलं लांब आलेलं असतं, दंडामागचा स्नायू, ट्रायसेप्स, तिथेच चिकटतो, म्हणून लांब पहारीसारखा जोर मिळतो, वेग कमी होतो पण माती उकरायला वेग नाही, जोरच लागतो. दंडाच्या हाडावर, ह्युमरसवर, खांद्याच्या स्नायूसाठी मोठा उंचवटा असतो आणि कोपराशी ते हाड आतल्या बाजूला रुंद होतं, कारण बोटं आवळणारे स्नायू तिथून निघतात. मुख्यतः दातांनी खणणारे प्राणी आहेत की, आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट नावाचा बिनकेसांचा उंदीरवर्गीय प्राणी, पण त्याच्या हाताच्या हाडांत एवढा बदल दिसत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही हो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एका कंत्राटदाराने असंच सांगून, काचा नि सिमेंट घाला, दात तुटतील म्हणून, बिळं बुजवली आणि भरपूर पैसे घेतले. पावसात माती भिजली, घुशीने सिमेंटला तोंडसुद्धा लावलं नाही, शेजारची ओली माती उकरून नवं बीळ केलं आणि कंपाउंडची भिंत कलली. तुमच्या लेखात नेमका तोच उपाय छापलाय, लोक वाचून पुन्हा पैसे घालवणार! भिंतीलगत लोखंडी जाळी जमिनीत खोल पुरा, तिथे खरकटं टाकू नका, हे का नाही लिहिलं?

शिवाय चिचुंद्रीलाही उंदीर म्हटलंय, ती किडे खाते, तिचं कुळ वेगळं.

आणि मागच्या वेळी माझ्या पत्रातला मुख्य परिच्छेदच कापला होतात, या वेळी कापायचंच असेल तर वरचा नमस्कार कापा, हाडांचं तेवढं राहू द्या. दुरुस्ती पुरवणीत त्याच पानावर द्यावी, घुशीच्या फोटोसकट.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे