स्पीकर महाग, कान तेवढेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्मार्ट स्पीकरवरचा पानभर लेख बहुतेकांनी वाचला असेल, त्यामुळं त्याची उजळणी करत नाही. खासगीपणाची काळजी असेल तर स्वस्तातला घेऊ नका, दोन पैसे जास्त गेले तरी महागडा घ्या, असा त्याचा एकूण सूर. वर शेवटी सल्ला : घरातला जुना स्पीकर एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर गावाकडच्या घरी पाठवून द्या. लेखकमहोदयांनी लेखणी उचलण्यापूर्वी दोन्हींपैकी एका तरी स्पीकरचं सेटिंग उघडून बघितलं असतं तर वाचकांवर उपकार झाले असते.

जास्तीच्या पैशात काय मिळतं ते आधी बघू. गूगलचा नेस्ट मिनी भारतात आला तेव्हा ४,४९९ रुपयांना होता. त्यात ४० मिलिमीटरचा एक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, आणि तीन माइक. ॲपलचा दुसऱ्या पिढीचा होमपॉड २०२३ मध्ये ३२,९०० रुपयांना आला, त्यात खर्जाच्या आवाजाचा चार इंची वूफर, टिपेच्या आवाजाचे पाच ट्वीटर आणि चार माइक. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ऐकण्याची रीत दोन्हीकडं तीच. 'ॲलेक्सा' किंवा 'ओके गूगल' अशी हाक मारली का, एवढं स्पीकरच्या आतली चिप तपासत असते. त्यासाठी शेवटचे काही सेकंद ती धरून ठेवते आणि पुसत राहते. हाक ओळखली, की पुढचं बोलणं बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातं. ते किती दिवस ठेवायचं आणि कुणी ऐकायचं, हे तिथं ठरतं. वूफरचा त्यात काडीचाही संबंध नाही. भाड्याच्या खोलीला स्वखर्चानं संगमरवर बसवला म्हणून मालक बदलत नाही.

कंपन्यांच्या धोरणात फरक जरूर आहे, आणि लेखात खरं तर तो यायला हवा होता. ॲपल आपल्या सिरी या बोलक्या मदतनिसाच्या रेकॉर्डिंगा तुम्ही होकार दिल्याशिवाय ठेवत नाही. हे शहाणपण २०१९ च्या ऑगस्टमधलं. त्याआधी जुलैत कंत्राटी माणसं त्या ऐकत होती हे बाहेर आलं आणि कंपनीला माफी मागावी लागली. तरीही खटला झालाच, आणि २०२५ च्या जानेवारीत साडेनऊ कोटी डॉलरवर तडजोड ठरली. पण गंमत बघा : हा नियम ३२,९०० च्या होमपॉडला लागू आहे आणि २०२० मध्ये ९,९०० ला आलेल्या होमपॉड मिनीलाही तोच. वरचे तेवीस हजार निव्वळ आवाजाचे. शिवाय आयफोन किंवा आयपॅड नसेल तर दोन्ही सुरूच होत नाहीत, ही साधी गोष्टही लेखात नाही. अँड्रॉइड फोन असलेल्या घरात तो डबा फडताळावरच बसायचा.

गूगलचं घ्या. २०१९ च्या जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीच्या हाती गूगल असिस्टंटच्या हजारावर रेकॉर्डिंगा लागल्या. त्यातल्या दीडशेहून अधिक अशा, की बोलणाऱ्यानं 'ओके गूगल' म्हटलेलंच नव्हतं. ॲमेझॉनचं म्हणाल तर मुलांच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगा नको इतक्या काळ ठेवल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलरचा दंड. आणि २८ मार्च २०२५ पासून आवाज स्पीकरमध्येच प्रोसेस करून बाहेर न पाठवण्याची सोयही बंद केली. ती सोय मुळात अमेरिकेपुरती, इंग्रजीपुरती आणि निवडक मॉडेलांपुरती होती, म्हणजे कोल्हापूरकरांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. या सगळ्यात स्पीकरची किंमत कुठं आडवी आली?

आता लेखातली ती चौकट. 'म्यूट बटण दाबा आणि निर्धास्त व्हा' असं ठळक अक्षरात छापलंय. बटण खोटं नाही. ॲमेझॉनच्या एको स्पीकरमध्ये ते दाबलं की माइकचा वीजपुरवठाच तुटतो आणि लाल दिवा लागतो. नेस्ट मिनीच्या कडेला सरकवायचा स्विच असतो, दिवे नारिंगी होतात. पण दिवसभर म्यूट ठेवलेला स्मार्ट स्पीकर म्हणजे साधा ब्लूटूथ स्पीकर, आणि तो राजारामपुरीत कुठल्याही दुकानात दीड-दोन हजारात मिळतो. मग स्मार्टचे पैसे कशाचे दिले? म्यूट आहे पाहुणे आल्यावर दाबण्यासाठी, फोनवर बँकेशी बोलताना दाबण्यासाठी. रोजचा बंदोबस्त सेटिंगमध्ये करायचा असतो, आणि तो लेखात एका ओळीनंही नाही.

तो असा. एकोमधून बोलणाऱ्या ॲलेक्साच्या ॲपमध्ये सेटिंगमधून 'ॲलेक्सा प्रायव्हसी'त जा, तिथं तुमचा डेटा सांभाळण्याचा पर्याय उघडा. रेकॉर्डिंग किती काळ ठेवायचं तिथं 'ठेवू नका' निवडा. तेवढं नको असेल तर निदान तीन महिने. त्याच पानावर कर्मचाऱ्यांनी रेकॉर्डिंग तपासायला तुमची संमती असलेलं बटण आहे, ते बंद करा. मग त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये 'ड्रॉप इन' बंद करा. ते चालू राहिलं तर परवानगी असलेला माणूस तुम्ही फोन न उचलताच थेट घरात बोलू आणि ऐकू शकतो. आवाजानं खरेदी होते, ती बंद करा किंवा चार आकडी पिन लावा. गूगलमध्ये वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटीखाली आवाज साठवण्याची खूण काढलेली आहे ना ते बघा, आणि आपोआप पुसण्याची मुदत तीन महिन्यांवर आणा.

एक सेटिंग मात्र सोन्यासारखं आहे आणि फारसं कुणी लावत नाही. ॲलेक्साच्या ॲपमध्ये त्या स्पीकरच्या आवाजांच्या पानावर 'विनंती सुरू होताना' टोन वाजवण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की स्पीकर जागा झाला की टिंग वाजते. टीव्हीवरच्या मालिकेतल्या संवादाला तो ओ देतोय का, हे मग स्वयंपाकघरातूनही कळतं. फार वेळा वाजत असेल तर स्पीकर टीव्हीपासून लांब हलवा, नाहीतर हाकेचा शब्द बदला. 'कॉम्प्युटर' हा पर्याय दिसतो, पण शाळकरी पोरं असलेल्या घरात तो निवडू नये, दिवसातून पन्नासदा वाजेल. गूगलमध्ये हाक ओळखण्याची संवेदनशीलता कमी करता येते. खिडकीत मात्र कुठलाच ठेवू नका : लेसरचा झोत माइकवर टाकून शंभरावर मीटरवरून आज्ञा देता येते, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये करून दाखवलंय. रंकाळ्यावर कुणी लेसर घेऊन बसलेलं नाही, हे मान्य. पण कुंडीशेजारी ठेवला तर पावसाचं पाणी जाणारच, तेव्हा तसाही आत घ्या.

खरा संताप आहे तो एक्स्चेंजच्या सल्ल्याचा. या पत्राचं कारणच ते. 'जुना स्पीकर देऊन टाका' हे चार शब्द लिहून लेखक मोकळे झाले. त्या स्पीकरमध्ये तुमच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड असतो. तो तुमच्या खात्याला जोडलेला असतो, म्हणजे तुमच्या ऑर्डरी, यादीतले फोन नंबर, जोडलेले दिवे-प्लग सगळ्याला त्याचा हात पोचतो. प्लग काढला की हे पुसलं जातं असा समज सर्रास आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ८६ वापरलेले एको डॉट, म्हणजे ॲमेझॉनचे छोटे स्पीकर, बाजारातून घेऊन तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातले ६१ टक्के रीसेटच केलेले नव्हते. अशा स्पीकरच्या चिपमधून जुन्या मालकाचा वाय-फाय पासवर्ड निघाला, खात्याचा दुवा निघाला. रीसेट केलेल्यांच्या चिपमध्येही खोदलं तर माहिती सापडत होती, एवढं ते खोल मुरलेलं असतं. तिकडं विकणाऱ्यांची ही गत, तर आपल्याकडं दुकानदाराच्या टेबलावर स्पीकर ठेवून पावती घेणाऱ्याला कोण सांगणार? सांगायचं काम तुमच्या लेखाचं होतं.

तर देण्यापूर्वी करायचं ते या क्रमानं. पहिल्यांदा ॲपमधून आवाजाचा सगळा इतिहास पुसा, कारण तो सर्व्हरवर असतो आणि स्पीकर रीसेट करून त्याला धक्काही लागत नाही. मग ॲपमधल्या डिव्हाइसच्या पानावरून स्पीकरची नोंदणी रद्द करा. गूगलचा असेल तर होम ॲपमधून तो काढून टाका. त्यानंतर फॅक्टरी रीसेट, म्हणजे स्पीकर नव्यासारखा कोरा करणं. एको डॉटच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीत ठिपक्याचं बटण वीस ते पंचवीस सेकंद दाबून धरा. दिव्याची कडी विझून पुन्हा लागली आणि नारिंगी झाली की झालं. नेस्ट मिनीला आधी माइकचा स्विच बंद करायचा, मग वरच्या कापडाच्या मधोमध बोट दाबून धरायचं. पाच सेकंदांनी रीसेट सुरू होतं, पण तिथं बोट उचललं तर सगळं फुकट. आणखी दहाएक सेकंद, आवाज येईपर्यंत, धरून ठेवावं लागतं. बहुतेकांचं चुकतं ते इथंच. शेवटी घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदला. चिपमध्ये उरलेला जुना पासवर्ड मग कुणाच्या कामाचा राहत नाही. पासवर्ड बदलला की घरातले स्मार्ट बल्ब आणि प्लग पुन्हा जोडावे लागतात, तेव्हा लक्षात ठेवा, ते बहुतेक वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात. तासाभराचं काम आहे, रविवारी काढा.

गावाकडं पाठवायचा असेल तरी हेच सगळं. कागलच्या किंवा गडहिंग्लजच्या घरी आजी-आजोबांच्या हाती तुमच्या खात्याचा स्पीकर दिलात तर तिथं हाक मारून बोललेलं प्रत्येक वाक्य तुमच्या फोनवरच्या इतिहासात येऊन पडतं. त्यांना ते माहीतही नसतं. त्यांच्या नावानं वेगळं खातं काढा आणि त्यांना सांगा, हा ऐकतो म्हणून. आणि आपल्याकडं ॲलेक्सा इंग्रजी किंवा हिंदीतच बोलते, मराठीत नाही. गूगल असिस्टंट फोनवर मराठी समजतो. तेव्हा ज्यांना गजर आणि बातम्याच हव्यात त्यांना हातातला फोन पुरे.

गल्लीतली चार पोरं घरात येऊन स्पीकरला काहीबाही विचारतात, तेही यात आलं. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम निघाले २०२५ च्या नोव्हेंबरात, आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत. तोवर ती जबाबदारी ज्याच्या घरात स्पीकर आहे त्याचीच समजा.

राहिला आवाज. ज्याला खरंच गाणी ऐकायचीत त्यानं लेखातले तीस-बत्तीस हजार एका डब्यात घालू नयेत. पाच-सहा वर्षांत अपडेट थांबले किंवा कंपनीचं बिनसलं की डबा तोच, सोयी कमी. जानेवारी २०२२ मध्ये सोनोस या स्पीकर कंपनीशी पेटंटचा वाद हरल्यावर गूगलनं लोकांच्या घरात आधीच असलेल्या स्पीकरमधून, एकत्र जोडलेल्या सगळ्या स्पीकरचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची सोय काढून घेतली होती. चांगला ॲम्प्लिफायर आणि दोन साधे बुकशेल्फ स्पीकर घ्या, ते पंधरा-वीस वर्षं वाजतात. त्याला 'स्मार्ट'पणा हवाच असेल तर ३.५ मिलिमीटरची, हेडफोनची पिन बसते ती खाच असलेला जुना एको डॉट जोडा. तिसऱ्या-चौथ्या पिढीत ती खाच आहे, पाचव्या पिढीत काढून टाकली, हे घेताना मागं बघून घ्या. स्मार्ट भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा.

जाता जाता एक. आपल्या ई-पेपरचं ॲप फोनमध्ये टाकलं की उघडताक्षणी लोकेशन मागतं, मग फोनबुक मागतं. कोल्हापूर आवृत्ती वाचायला आम्ही कुठं बसलोय आणि आमच्या फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर आहेत, याच्याशी काय काम? खासगीपणावर पानभर लेख छापणाऱ्यांनी याचाही खुलासा त्याच पुरवणीत करावा. आणि एक्स्चेंजबद्दलची दुरुस्ती सणाच्या ऑफरा लागायच्या आत छापावी, जाहिरातीच्या खाली कोपऱ्यात नको.

आपला,
एक नियमित वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर