पक्षीगणनेत डोळ्याचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळ्यात नाथसागरावर कोणते पक्षी किती आले, याच्या बातम्या आपण आवर्जून छापता. एक विनंती आहे. पक्षी मोजताना तो कोणत्या डोळ्याने पाहतो, तेही लिहून घ्यावे.

पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांनी कामे वाटून घेतलेली असतात. कोंबडीचेच बघा. दाणा टिपायला उजवा डोळा सरस, आभाळातल्या शत्रूवर पाळत ठेवायला डावा. आमच्या अंगणात घारीची सावली फिरली की कोंबडी मान वाकडी करते आणि एक डोळा वर लावून गप्प उभी राहते. बहुतेक वेळा तो डावाच असतो. पिल्ले मात्र खड्यांतून ज्वारी वेचत राहतात.

ही वाटणी नुसती रक्तातून येत नाही. शास्त्रज्ञ लेस्ली रॉजर्स यांनी १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात दाखवून दिले की, उबवणीच्या शेवटच्या दिवसांत पिल्लाचा उजवा डोळा कवचाकडे असतो आणि डावा अंगाशी दबलेला. कवचातून झिरपणारा उजेड उजव्यालाच मिळतो. उजवा झाकून डाव्याला उजेड दिला, तर वाटणी उलटते! अंधारात उबवलेल्या पिल्लांची दाणे निवडताना वर लक्ष ठेवायची वेळ आली की तारांबळ उडते. खुडूक कोंबडी दाण्यापाण्याला डालग्यातून उठते, तेवढा उजेडही मोलाचा. मग माळावर उघडी अंडी घालणारी टिटवी आणि ढोलीत घालणारा पोपट यांच्या पिल्लांची नजर सारखी कशी असेल?

इटलीत मोकळ्या रानातल्या शेकाट्या या पाणपक्ष्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. भक्ष्यावर चोच मारण्याआधी ते उजव्या डोळ्याने जास्त पाहत आणि असा नेमही जास्त वेळा लागे. मादीपुढचे प्रणयाराधन मात्र डाव्या डोळ्याच्या बाजूने. हाच शेकाट्या पाणी ओसरल्यावर आपल्या गाळपेराच्या कडेला लांब गुलाबी पायांवर उभा असतो. चोच मारण्याआधी मान कुठे वळली, ऊन कोणत्या अंगाला होते, वारा कुठून होता, पाणी नितळ होते की गढूळ, एवढे चार रकाने पुरेत. आठवी-नववीची मुले ते सहज भरतील. वन विभागाने यंदाच्या गणनेत पैठण परिसरातल्या शाळांना सोबत घ्यावे. तक्ता मी आखून ठेवला आहे. ज्या शाळेला हवा, तिथे नेऊन देईन आणि पहिल्या दिवशी मुलांबरोबर काठावर बसेन.

– एक निवृत्त शिक्षक, ता. पैठण