मायदेशासाठी प्रार्थना : शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता

प्रिय बंधुभगिनींनो, शुक्रवारची उपास-प्रार्थना विसरू नका. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचून या. यरुशलेमेचा तट पडलाय, वेशी जळाल्यात हे ऐकून नहेम्या खाली बसून रडला, उपास केला. तो ज्याच्या चाकरीत होता त्या पारसाच्या राजापुढे मन मोकळं करायला सुमारे ४ महिने गेले; तट मात्र पुढे ५२ दिवसांत उभा राहिला.

मागच्या वेळी एक ताई फोन मुठीत धरून बसल्या होत्या, भावाशी संपर्क होत नव्हता. ‘प्रभो, दया कर’ एवढंच म्हणाल्या. तेवढं पुरतं. शब्द सुचत नसले तरी या.

घरच्यांची नावं चिठ्ठीवर आणा. ज्यांनी आपल्यावर शस्त्र उचललंय त्यांच्यासाठीही प्रार्थना करू. जड जाईल, पण प्रभूने तेच सांगितलंय. आजारी आणि गरोदर असणाऱ्यांनी उपास धरू नये.