‘रेफ्युजी’ आणि ‘फ्युजिटिव्ह’

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अनुवादात ‘रेफ्युजी’ आणि ‘फ्युजिटिव्ह’ दोघंही ‘पळून आलेले’ झाले आहेत. तेवढं बदल. धातू दोन्हींचा एकच, लॅटिन ‘फुगेरे’, म्हणजे पळणे. पण ‘रे’ लागून त्याचं ‘रेफुगियुम’ झालं, आणि हा शब्द आहे आसऱ्याच्या जागेचा. अशा आसऱ्याला आलेला तो फ्रेंचमध्ये ‘रेफ्युजिए’. इंग्रजीने शब्द तिथूनच घेतला, सतराव्या शतकाच्या अखेरीस.

१५९८च्या नांतच्या फर्मानाने फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्युगेनॉटांना, उपासनेची मुभा मिळाली होती. चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५मध्ये ती काढून घेतली. धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत देश सोडायचा आणि बाकीच्यांनी सोडायचाच नाही, असा हुकूम! पळताना सापडलेल्या पुरुषाला राजाच्या जहाजांवर वल्ही मारायची शिक्षा. म्हणजे रेशीम विणणारा एखादा कारागीर फ्रान्सच्या किनाऱ्यावर फरारी होता आणि लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये माग मांडून बसला की रेफ्युजी. माणूस तोच. म्हणून आधी बघ, हा शब्द कोणाच्या तोंडी आहे.

मागे पोलीस किंवा कोर्ट असेल तर ‘फरारी’. रेफ्युजीची कायदेशीर व्याख्या १९५१च्या जिनिव्हा करारात आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशी साधार भीती, आणि माणूस स्वतःच्या देशाबाहेर. अर्ज अजून निकाली निघाला नसेल तर ‘आश्रय मागणारा’. देशातल्या देशात घर सुटलेला तो ‘विस्थापित’. कोयनेचे धरणग्रस्त यातले. भारताने या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथल्या मजकुरात ‘करारानुसार दर्जा’ वगैरे घालू नकोस.

राहिला प्रश्न निर्वासित की शरणार्थी. ‘शरणार्थी’ मूळ अर्थाला जवळचा, ‘निर्वासित’मध्ये घरातून काढलं जाणं आहे. तरी मी ‘निर्वासित’च ठेवीन, कारण मराठीत तो मुरलाय. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावण्यांत आलेल्या सिंध्यांना आपण हेच म्हटलं. आणि ‘कॅम्प’ला ‘छावणी’ लिही, पण उल्हासनगरच्या पत्त्यात ‘कॅम्प तीन’ आलं तर हात लावू नकोस. तिथे ते वस्तीचं नाव आहे.

तुझी,
आई