खेळाडू मुलांचे कागद वेळेत द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या विडी घरकुलात राहतो आणि टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतो. माझी थोरली मुलगी खो-खो खेळते. पाचवीपासून मातीत पळालेली पोर. खांबाजवळ सूर मारून मारून तिची कोपरं कायम सोललेली असायची. आपल्या जिल्ह्यात खो-खो म्हटलं की वेळापूरचं नाव आधी येतं, पण शहरातल्या गल्ल्यांतूनही चांगल्या मुली तयार होतात, हे मैदानावर रोज जाणाऱ्यांना माहीत आहे. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनीही जिंकला, मुलांनीही. ते सामने मॅटवर झाले. मातीवर वाढलेल्या पायाला मॅटची सवय वेगळी करावी लागते, हे मुलीनंच मला समजावलं. म्हणून बी.ए.चं पहिलं वर्ष सोलापुरात करून दुसऱ्या वर्षाला पुण्याच्या कॉलेजात जायचं तिनं ठरवलं. तिथं मॅट होतं, वसतिगृह होतं, दोन वेळचा सराव होता. आम्ही हो म्हणालो.

तिचा एक अख्खा मोसम कागदांपायी गेला.

आम्हाला वाटलं होतं, कॉलेज सोडल्याचा दाखला काढला आणि फी भरली की झालं. जूनच्या शेवटी सोलापूरच्या कॉलेजात अर्ज दिला, तर खेळाच्या सरांचं ना हरकत पत्र लागेल म्हणाले. सरांचं मन होईना. त्यांचं दुःख मला कळतं. पहाटे साडेपाचला मैदानावर उभं राहून त्यांनी ती पोर घडवली आणि ऐन बहरात ती दुसऱ्याच्या संघात चालली. मीही त्यांच्या जागी असतो तर मनाला लागलं असतं. पण ते पत्र तीन आठवडे अडलं आणि त्या तीन आठवड्यांची किंमत मुलीनं मोजली. बारावीची मूळ गुणपत्रिका ऑफिसच्या कपाटात होती, तीही दाखल्याबरोबरच मिळेल म्हणाले. कॉलेजांनी मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2018 मध्येच सांगितलेलं आहे. मला ते कळलं तेव्हा ऑगस्ट उजाडला होता.

मग विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर ते लागतंच. आपलं विद्यापीठ पुणे रस्त्यावर केगावला, आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे माझे तीन खाडे. शिवाय विभागीय स्पर्धेला गेली असताना पहिल्या सत्राचा एक पेपर बुडाला होता. तो विषय राहिलेला, त्याचीही विचारणा झाली.

तोपर्यंत पुण्यात तिचा प्रवेश तात्पुरताच होता. आंतरविद्यापीठ स्पर्धा घेणाऱ्या भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमात तात्पुरता प्रवेश धरत नाहीत. प्रवेश पक्का झाला तेव्हा आंतरमहाविद्यालयीन सामने उरकून विद्यापीठाचा संघ ठरून गेला होता. पोर वर्षभर रोज सरावाला उभी राहिली, पण संघाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. या स्पर्धांना वयाची अट पंचविशीपर्यंतची आहे. खेळाडूच्या हातात मोजून काही वर्षं असतात, त्यातलं हे एक.

अभ्यासाचंही सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट बँक आली, म्हणजे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट मुलाच्या खात्यावर जमा राहतात. एका विद्यापीठातले क्रेडिट दुसरीकडे नेता येतात, ही सोय खरंच चांगली आहे. पण बँकेत क्रेडिट जमा असले म्हणून तिथले विषय आपोआप जुळत नाहीत. मुलीचा मुख्य विषय जुळला, बाकीच्यातले दोन पेपर तिला नव्यानं द्यावे लागले. कॉलेज पक्कं करायच्या आधी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघायला हवे होते. आम्ही फक्त मैदान बघून आलो. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्जही जुन्या कॉलेजच्या नावावर राहतो, त्याचं काय करायचं ते दाखला काढतानाच विचारून घ्यावं.

माझं मागणं कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे आहे. खेळाडूनं अर्ज दिला की दाखला, ना हरकत आणि मायग्रेशन किती दिवसांत मिळेल ती मुदत लिहून भिंतीवर लावा. निकालानंतर महिनाभर तरी क्रीडा विभागात एक माणूस याच कामासाठी बसवा. स्पर्धेमुळे पेपर बुडाला तर त्याची वाट खेळाडूला त्याच आठवड्यात दाखवा, वर्षभरानंतर नको. सरांनी मुलांना थांबा म्हणून समजवावं, इथंच मॅट आणू असंही म्हणावं. मला तर मनापासून वाटतं की पार्क मैदानासारखं मैदान असलेल्या गावातून मुलींना खो-खोसाठी बाहेर जावंच लागू नये. पण जी निघाली तिचे कागद धरून ठेवू नका.

यंदा शेजारची एक मुलगी कुस्तीसाठी कोल्हापूरला जायचं म्हणते आहे. तिची परीक्षा अजून व्हायची आहे. तरी बारावीची मूळ गुणपत्रिका उद्याच कॉलेजातून घेऊन या, असं मी तिच्या वडिलांना सांगितलं आहे. मीही बरोबर जाणार आहे.

आपला,
एक पालक,
विडी घरकुल, सोलापूर