अकराची पेज आठला आणणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

फुप्फुसाच्या फायब्रोसिसवरच्या पिर्फेनिडोन या गोळीने मळमळतं, हे सगळ्यांनीच सांगितलं होतं. मळमळ नेमकी किती वाजता होते, हे फक्त तुम्ही विचारलंत. मग पेशंट सकाळी खातो काय, तेही. चहा आणि अर्धी पोई, म्हणजे गोव्याचा पाव, त्यावर २०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या! रिकाम्यासारख्या पोटी औषध रक्तात एकदम चढतं, म्हणून नऊच्या सुमारास घेरी आणि उमासे.

तुम्ही गोळी हलवली नाहीत, पेज हलवलीत. चिठ्ठीवर पेनाने 'पेज ८ ला' एवढंच लिहिलंत, खाली रेघ मारलीत. गोळ्या एकदम नाहीत. चार घास, एक गोळी, पुन्हा चार घास. अकराची पेज तीन तास अलीकडे आणायचं आधी कुणाला सुचलं नव्हतं. एका ठिकाणी तर 'सोसत नसेल तर बंद करा' म्हणून पुढचा नंबर पुकारला होता.

बंद करणं सोपंच आहे. फुप्फुसातले व्रण या गोळीने भरून येत नाहीत, फक्त घसरण मंदावते. फायदा डोळ्यांना दिसत नाही, उलटी मात्र दिसते. म्हणून माणूस गुपचूप गोळी चुकवतो आणि ओपीडीत 'घेतो हो' म्हणतो. चौदा दिवस खंड पडला तर पुन्हा एकेका गोळीपासून चढायचं, हे त्याच्या गावीही नसतं.

आणि प्रत्येकाचा तराजू वेगळा. पणजी-मडगाव बस चालवणाऱ्याला निन्टेडॅनिबचे, म्हणजे याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाचे, जुलाब परवडायचे नाहीत. घरी शिवणकाम करणारी ते सोसेल. पिर्फेनिडोनवर ऊन बाधतं, गाडीच्या काचेतूनसुद्धा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उघड्यावर बसणारीला 'उन्हात जाऊ नका' सांगून काय उपयोग? तिला तुम्ही लांब बाह्या, छत्री, ५० एसपीएफचं क्रीम आणि सावलीतली जागा सांगितलीत. लिव्हरची तपासणी पहिले सहा महिने दरमहा, मग तीन महिन्यांनी. लघवी गडद झाली तर तारखेची वाट न पाहता यायचं. हेही धमकी न वाटता सांगता येतं, हे तुमच्याकडे कळलं.

एकादशीचं तुम्ही सांगितलेलं आता आम्ही नव्यांना सांगतो: पोटभर साबुदाण्याची खिचडी चालते. केळं आणि कॉफीवर गोळी घ्यायची नाही.

तुमचे,
फायब्रोसिसच्या रांगेतले आम्ही